साच्यातून उभे राहिलेले सर्व्हर : नांदेड-लातूरच्या कचेऱ्यांतील एका स्थित्यंतराचा इतिहास

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील सरकारी कचेऱ्यांत संगणक कसा रुजला, याची हकीकत सहसा यंत्रे कोणत्या साली आली, किती आली आणि त्यांवर काय खर्च झाला या अंगाने सांगितली जाते. त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा आहे की ती यंत्रे कामाला लावली कोणी. म्हणजे खोक्यातून निघालेल्या कोऱ्या यंत्राचे चालत्या-बोलत्या सर्व्हरमध्ये रूपांतर करण्याचे कसब कोणत्या गावात आणि कोणाच्या हातात होते. गेल्या साडेतीन दशकांत या प्रश्नाचे उत्तर पार बदलून गेले आहे. आरंभी हे काम जिल्ह्याच्या आणि कित्येकदा तालुक्याच्या ठिकाणी, प्रत्यक्ष यंत्रासमोर बसून होत असे. आज ते बव्हंशी दूरच्या माहिती केंद्रात, आधी घडवून ठेवलेल्या साच्याची प्रत काढून, थोड्या वेळात उरकते. या साच्याला व्यवहारात टेम्प्लेट म्हणतात, आणि एकाच ठरलेल्या कामासाठी प्रणाली व सॉफ्टवेअरसह सज्ज करून ठेवलेल्या ज्या सर्व्हरची अशी प्रत काढतात त्याला व्हर्च्युअल अप्लायन्स.

नमुना वरून ठरवायचा आणि मजकूर गावात भरायचा, ही रीत मात्र या भागाला संगणकाने शिकवलेली नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि महसुली दप्तराची भाषा उर्दू होती. १९५४-५५ च्या सुमारास झालेल्या खासरा पाहणीची पत्रके जमिनीच्या वादांत आजही शोधली जातात. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखाली राज्यभर एकाच धर्तीचे गाव नमुने लागू झाले. सात आणि बारा या दोन क्रमांकांच्या नमुन्यांचा जोडउतारा तो सातबारा. त्याचे रकाने कोणते असावेत हे तलाठ्याने ठरवायचे नव्हते. त्याने गट क्रमांक, खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकार आणि पीक एवढेच लिहायचे होते. १५ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला, तेव्हा नव्या जिल्हा कचेरीला आपले दप्तर नव्याने मांडावे लागले, पण दप्तराचे नमुने नव्याने घडवावे लागले नाहीत.

देशाच्या सरकारी संगणनाची उभारणी ज्या काळात झाली त्या काळाची एक बाजू इथे सांगितली पाहिजे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले एनआयसी, १९७६ साली स्थापन झाले, आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, परकीय भागभांडवलाच्या नियमांवरून आयबीएम कंपनी भारतातून बाहेर पडली. एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी, म्हणजे सॉफ्टवेअरने उभी केलेली, यंत्रे चालवण्याची विद्या तोवर आयबीएमच्या यंत्रांवर चांगली मुरलेली होती. तिचा वापर इथे पसरण्याची संधी त्या निर्गमनाबरोबर बरीच आक्रसली, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे भारतीय सरकारी कचेऱ्यांनी 'एक काम, एक यंत्र' याच हिशेबाने संगणक घेतले. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रहावर चालणारे निकनेट हे जाळे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचू लागले आणि एनआयसीचे जिल्हा केंद्र ही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारातली ओळखीची खोली बनली. भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक रूपाने सुरू झाली. महाराष्ट्रातून त्यात वर्धा जिल्हा होता. मराठवाड्याकडे हे काम नंतर आले.

त्या काळात एक सर्व्हर उभा करणे म्हणजे काय होते, हे नीट पाहण्याजोगे आहे. यंत्र आल्यावर त्यात संचालन प्रणाली, म्हणजे यंत्राचा मूळ कारभार पाहणारे सॉफ्टवेअर, फ्लॉपी किंवा सीडीवरून एकामागून एक भरावी लागे. मग माहिती साठवणारी डेटाबेस प्रणाली, मग ज्या कामासाठी यंत्र घेतले ते सॉफ्टवेअर, मग छपाईयंत्राचे चालक सॉफ्टवेअर, आणि शेवटी मराठी. ही शेवटची पायरी सर्वांत नाजूक होती. पुण्याच्या सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमधून आणि योगेश, सुरेख अशा नावांच्या फाँटमधून मजकूर टंकला जाई. या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर साठत नसे, तर त्या फाँटमधील आकृतीचा क्रमांक साठे, त्यामुळे तोच फाँट नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर फाइल उघडली की शेतकऱ्याच्या नावाच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसे. नांदेड जिल्ह्यात आज १६ तालुके आहेत आणि लातूर जिल्ह्यात १०. या २६ ठिकाणी यंत्रे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या आवृत्त्यांनिशी भरली गेली तर ती एकसारखी राहणे शक्यच नव्हते. किनवटचे यंत्र बिघडले तर जाणकाराने नांदेडहून शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर कापून जायचे, देवणीचे बिघडले तर लातूरहून, आणि पोचल्यावर तिथे नेमके काय भरलेले आहे याचा आधी शोध घ्यायचा. त्यात भारनियमन होते. मराठवाड्यातील तालुक्यांनी २००० नंतरच्या दशकात दिवसाचे कित्येक तास वीज नसण्याची सवय करून घेतली होती; यूपीएसच्या बॅटऱ्या दमल्या की सर्व्हर अवेळी बंद पडे आणि डेटाबेस बिघडण्याची भीती कायम राही.

या सगळ्या खटाटोपाला एक चांगली बाजूही होती, आणि इतिहासात तिची नोंद व्हायला हवी. यंत्र समोर होते म्हणून त्याची विद्या गावात येत होती. १९८१ साली नांदेडजवळ विष्णुपुरीला श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था सुरू झाली, १९८३ मध्ये लातूरला एम. एस. बिडवे अभियांत्रिकी महाविद्यालय, १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. २००२ पासून एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यांच्या बाजारपेठांत उघडली. या संस्थांतून आणि केंद्रांतून बाहेर पडलेल्या तरुणांपैकी पुष्कळांनी यंत्र फॉरमॅट करणे, प्रणाली भरणे, केबल ओढणे ही कामे हाताने केली. ही विद्या ओबडधोबड होती, कागदावर उतरवलेली नव्हती, पण ती स्थानिक होती.

दरम्यान जगात निराळीच घडामोड चालू होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधकांनी १९६७ सालीच सीपी-४० ही प्रणाली प्रत्यक्ष वापरात आणली होती. एका खऱ्या यंत्राच्या पोटात अनेक आभासी यंत्रे चालवायची आणि प्रत्येक वापरणाऱ्याला आपल्या वाट्याला अख्खे यंत्र आल्याचा अनुभव द्यायचा, ही तिची कल्पना. १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती व्यापारी रूपात आली, आणि १९७४ मध्ये पोपेक व गोल्डबर्ग या दोघांनी कोणत्या रचनेच्या यंत्रावर अशी आभासी यंत्रे उभी राहू शकतात याच्या अटी काटेकोरपणे मांडल्या. ऐंशीच्या दशकात घरोघरी आणि कचेरीकचेरीत गेलेले इंटेलच्या घराण्यातील प्रोसेसर या अटींत बसत नव्हते. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीने त्यावर सॉफ्टवेअरच्या युक्तीने मात केली. २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच त्याची सोय दिली, आणि २००७ मध्ये केव्हीएम या नावाने ही क्षमता मुक्त असलेल्या लिनक्स प्रणालीच्या गाभ्यात आली. खऱ्या यंत्राची प्रोसेसरशक्ती, स्मृती आणि साठवण आभासी यंत्रांना वाटून देणाऱ्या या थराला हायपरवायझर म्हणतात.

आभासी यंत्राचा एक गुण सुरुवातीला तितकासा लक्षात आला नव्हता. असे यंत्र म्हणजे अखेर काही फाइलींचा संच असतो, आणि फाइलीची प्रत निघते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २००३ मध्ये व्हर्च्युअल अप्लायन्सची कल्पना मांडली ती याच आधारावर : वापरणाऱ्याला सॉफ्टवेअर देऊन ते भरायला सांगण्याऐवजी, ते भरून आणि जुळवून तयार असलेले अख्खे यंत्रच त्याच्या हाती द्यावे. एका कंपनीच्या हायपरवायझरवर बनलेले यंत्र दुसरीच्या हायपरवायझरवर चालावे म्हणून डेल, एचपी, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, व्हीएमवेअर आणि झेनसोर्स यांनी २००७ मध्ये एक सामाईक स्वरूप सुचवले, आणि २००९ मध्ये ते ओव्हीएफ या नावाने मानक म्हणून मान्य झाले. या स्वरूपात एक वर्णनफाइल असते, तिच्यात यंत्राला किती प्रोसेसर, किती स्मृती, कोणती जाळी लागतात हे लिहिलेले असते. सोबत डिस्कची प्रतिमा असते, आणि प्रत्येक फाइलीचा गणिती ठसा नोंदवणारी एक यादी असते, जिच्यावरून वाटेत फाइल खराब झाली किंवा कोणी बदलली तर ते उघडकीस येते. हे सारे एकाच गाठोड्यात बांधले की त्याला ओव्हीए म्हणतात.

प्रत्यक्ष काम असे चालते. व्यवस्थापनाच्या पडद्यावर साचा निवडला की प्रणाली आधी नव्या यंत्राचे नाव विचारते, मग ते कोणत्या खऱ्या सर्व्हरवर चालावे आणि त्याची डिस्क कोणत्या साठवणीवर राहावी हे विचारते. इथे एक निर्णय घ्यावा लागतो : शंभर गिगाबाइटची डिस्क सुरुवातीलाच पूर्ण राखून ठेवायची, की माहिती भरेल तसतशी जागा घ्यायची. दुसऱ्या पद्धतीत जागा वाचते, पण अनेक यंत्रे एकाच वेळी फुगली तर साठवण अचानक संपते आणि सारीच अडकतात, म्हणून अनुभवी माणूस तिथे सावध असतो. त्यानंतर साच्यातील जाळ्यांची नावे इथल्या जाळ्यांशी जुळवायची, आणि शेवटी येते ती खरी कसोटीची पायरी : नव्या यंत्राला स्वतःची ओळख देणे. यंत्राचे नाव, जाळ्यातील पत्ता, प्रवेशद्वाराचा पत्ता, नावे शोधून देणाऱ्या सर्व्हरचा पत्ता आणि व्यवस्थापकाचा पासवर्ड हे साच्यात भरलेले नसावेत. ते प्रतीगणिक वेगळे असावेत. साचा बनवताना मूळ यंत्राचा अंतर्गत ओळखक्रमांक आणि गुप्त चाव्या पुसायला कोणी विसरले, तर प्रत्येक प्रत त्याच चाव्या घेऊन जन्मते, आणि एका कचेरीच्या सर्व्हरची चावी चोरणाऱ्याला सगळ्या कचेऱ्यांची दारे उघडी होतात. विंडोजमध्ये सिसप्रेप आणि लिनक्समध्ये क्लाउड-इनिट ही साधने याच कामासाठी वापरात आली. यंत्र पहिल्यांदा सुरू होते तेव्हा ती त्याला नवी ओळख देतात. घड्याळ भारतीय प्रमाणवेळेवर लावणे, युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट कळफलक तयार ठेवणे या गोष्टी मात्र साच्यातच असाव्यात, कारण त्या सर्वांना सारख्याच लागतात. काय सारखे ठेवायचे आणि काय वेगळे, याचा विवेक हाच या विद्येचा गाभा आहे.

महाराष्ट्रात ही पद्धत सरकारी कामात आली ती राष्ट्रीय ई-शासन योजनेच्या वाटेने. २००६ मध्ये मंजूर झालेल्या त्या योजनेत प्रत्येक राज्याला स्वतःचे माहिती केंद्र आणि जिल्हे-तालुके जोडणारे जाळे अपेक्षित होते. त्यातून मुंबईत राज्याचे माहिती केंद्र उभे राहिले. ४ फेब्रुवारी २०१४ रोजी एनआयसीची राष्ट्रीय क्लाउड सेवा मेघराज या योजनेखाली सुरू झाली, आणि तिच्यामागे दिल्ली, पुणे, हैदराबाद, भुवनेश्वर येथील राष्ट्रीय माहिती केंद्रे आली. क्लाउड म्हणजे सोप्या शब्दांत हायपरवायझरखाली एकत्र बांधलेल्या शेकडो यंत्रांची सामाईक शक्ती, जी विभागाच्या मागणीप्रमाणे आभासी यंत्रांच्या रूपाने दिली जाते. जानेवारी २०१८ मध्ये राज्याने सार्वजनिक क्लाउडच्या वापराचे धोरणही स्वीकारले. तहसील कार्यालयातल्या यंत्रांवर सुरू झालेला सातबारा याच काळात मध्यवर्ती सर्व्हरवर गेला, आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला.

नांदेड-लातूरच्या दृष्टीने दोन उदाहरणे विशेष बोलकी आहेत. पहिले जिल्ह्यांच्या संकेतस्थळांचे. पूर्वी ही स्थळे एनआयसीच्या नावाखाली, जिल्हा केंद्रातील माणसांच्या कुवतीप्रमाणे आणि वेळेप्रमाणे बनत. आज नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्हा प्रशासनांची स्थळे एनआयसीच्या एसथ्रीडब्ल्यूएएएस या चौकटीवर चालतात. ही चौकट म्हणजे तयार साच्यांचा संग्रह आहे : जिल्ह्याचा साचा निवडायचा, नाव, बोधचिन्ह, अधिकाऱ्यांची यादी, पर्यटनस्थळे, निविदा आणि भरतीच्या जाहिराती इतके स्थानिक भरायचे, आणि सुरक्षितता, दोन भाषांची सोय, दृष्टिहीनांना वाचता येईल अशी मांडणी ही साच्याकडून घ्यायची. माहूरच्या गडाची माहिती आणि उदगीरच्या किल्ल्याची माहिती एकाच ठेवणीच्या पानांवर येते, हे खरे. पण एखादी सुरक्षेची त्रुटी सापडली की दुरुस्ती एकदाच करावी लागते आणि ती सर्व जिल्ह्यांना पोचते, हा लाभ त्या एकसुरीपणापेक्षा कितीतरी मोठा आहे.

दुसरे उदाहरण न्यायालयांचे. २००७ मध्ये सुरू झालेल्या ई-कोर्ट प्रकल्पात नांदेड आणि लातूरच्या जिल्हा न्यायालयांसह देशभरच्या तालुका न्यायालयांपर्यंत यंत्रे गेली. त्यांसाठी उबुंटू या मुक्त लिनक्स प्रणालीची खास जुळवलेली आवृत्ती तयार केली गेली, आणि पुण्याच्या एनआयसीने खटल्यांची नोंद ठेवणारे सीआयएस हे सॉफ्टवेअर लिहिले. त्याची रचना सुज्ञ आहे : देशभर समान असणारा राष्ट्रीय गाभा वेगळा आणि उच्च न्यायालयागणिक बदलणारा परीघ वेगळा, म्हणजे गाभ्याला हात न लावता आपल्या नियमांप्रमाणे भर घालता येते. पहिल्या टप्प्यात न्यायालय संकुलागणिक सर्व्हर होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या ७,२१० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्यात क्लाउडला मोठे स्थान आहे. साच्याचा विवेक या प्रकल्पात जितका स्पष्ट दिसतो तितका सरकारी कामात क्वचित दिसतो.

या स्थित्यंतराची किंमतही मांडली पाहिजे. लातूर जिल्ह्यातील किल्लारीच्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने हजारो माणसे नेली. ज्या जिल्ह्याने इमारती क्षणात कोसळताना पाहिल्या तिथे सारे दप्तर एका इमारतीतल्या एका यंत्रात ठेवणे किती धोक्याचे आहे हे निराळे सांगायला नको, आणि दूरच्या केंद्रांत प्रती राहतात हा मोठा दिलासा आहे. पण यंत्र दूर गेले तसे गावाचे भवितव्य तारेवर टांगले गेले. जलवाहिनीसाठी खोदलेल्या चरात फायबर तुटली की तलाठ्याच्या दारातल्या माणसाला 'सर्व्हर डाउन आहे' हेच उत्तर मिळते, मग दूरच्या केंद्रातला सर्व्हर उत्तम चालू का असेना. बिघाड कुठे आहे हे ओळखणारा माणूसही आता तालुक्यात उरत नाही, कारण त्याच्यासमोर यंत्र नाही. साचा घडवणारे मूठभर आणि साच्यातून निघालेले वापरणारे लाखो, अशी विभागणी झाली, आणि या दोन जिल्ह्यांच्या वाट्याला अजून तरी दुसरी बाजू आली आहे.

ही विभागणी अटळ मानण्याचे कारण नाही. साचा घडवण्यासाठी मोठे माहिती केंद्र लागत नाही. केव्हीएम आणि त्यावर बांधलेली प्रॉक्समॉक्ससारखी व्यवस्थापन साधने मुक्त आहेत, आणि कचेरीने मोडीत काढलेल्या एका जुन्या सर्व्हरवरही चार-सहा आभासी यंत्रे चालवून सारी प्रक्रिया शिकता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतल्यानंतर परवान्यांच्या अटी बदलल्या आणि जगभरच्या संस्था अशा मुक्त साधनांकडे वळू लागल्या, तेव्हा या शिक्षणाला बाजारातही मोल आले आहे. विष्णुपुरीच्या संस्थेने, विद्यापीठाच्या नांदेड परिसराने व लातूर उपपरिसराने आणि दोन्ही शहरांतील शासकीय तंत्रनिकेतनांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ग्रामपंचायतीसाठी, सार्वजनिक वाचनालयासाठी, शाळेसाठी एकेक तयार सर्व्हरचा साचा घडवून घ्यावा, तो मराठीतील टिपणासह खुला करावा, आणि पदवीच्या गुणांत त्याला स्थान द्यावे.